युरोलीग: साखळीत पहिला येणारा संघ चषक का उचलत नाही? फायनल फोर मोडून मालिका खेळवावी का?

तिसरा पंच

युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च बास्केटबॉल स्पर्धा. २०२३-२४ च्या मोसमात रिअल माद्रिदने तिच्या साखळीत ३४ पैकी २७ सामने जिंकले. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या पानाथिनाइकोस आणि मोनॅकोचे प्रत्येकी २३ विजय होते, म्हणजे माद्रिद चार विजयांनी पुढे. प्ले-ऑफमध्ये त्यांनी बास्कोनियाला ३-० ने घरी पाठवलं. मग २६ मे २०२४ ला बर्लिनमध्ये अंतिम सामन्यात एका रात्री पानाथिनाइकोसकडून ८०-९५ असे हरले आणि सात महिन्यांचा हिशेब तिथेच मिटला.

एकदाच झालं असतं तर 'खेळ आहे, चालायचंच' म्हटलं असतं. पण २०१६-१७ पासून सगळे संघ एकमेकांशी घरी-दारी खेळतात (आधी १६ संघ, ३० सामने, २०१९-२० ते २०२४-२५ १८ संघ, ३४ सामने), तेव्हापासूनचे पहिले क्रमांक बघा:

२०१६-१७ रिअल माद्रिद: उपांत्य फेरीत फेनरबाचेकडून पराभव
२०१७-१८ सीएसकेए मॉस्को: उपांत्य फेरीत माद्रिदकडून
२०१८-१९ फेनरबाचे: उपांत्य फेरीत एफेसकडून
२०२०-२१ बार्सिलोना: अंतिम फेरीत एफेसकडून
२०२१-२२ बार्सिलोना: उपांत्य फेरीत माद्रिदकडून
२०२२-२३ ओलिंपियाकोस: अंतिम फेरीत माद्रिदकडून, ७८-७९
२०२३-२४ रिअल माद्रिद: अंतिम फेरीत पानाथिनाइकोसकडून
२०२४-२५ ओलिंपियाकोस: उपांत्य फेरीत मोनॅकोकडून, ६८-७८

(२०१९-२० चा मोसम करोनामुळे अर्ध्यात रद्द झाला, म्हणून तो धरलेला नाही.)

२०२४-२५ पर्यंत पूर्ण झालेल्या आठही मोसमांत पहिला क्रमांक पाचपैकी तीनची मालिका जिंकून फायनल फोरला (उरलेल्या चार संघांची एकाच शहरात, एकेका सामन्याची उपांत्य आणि अंतिम फेरी) पोहोचला. आणि आठही वेळा फायनल फोरमधून हात हलवत परतला. मालिकेत आठपैकी आठ, एका सामन्याच्या झटपट निकालात आठपैकी शून्य. स्वरूपातच खोट आहे असं माझं स्पष्ट मत. उपांत्य आणि अंतिम फेरीही पाचपैकी तीनची करा.

पिक अँड पोहे

यादी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. बर्लिनची अंतिम लढत क्वार्टरनुसार मांडून बघा (माद्रिद-पानाथिनाइकोस): ३६-२५, १८-२४, ७-१५, १९-३१. पहिल्या दहा मिनिटांत ३६ गुण म्हणजे पूर्ण सामन्याला १४४ चा वेग. असा वेग कोणत्याच संघाचा टिकत नाही. त्यानंतरच्या तीस मिनिटांत ४४ विरुद्ध ७०. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दहा मिनिटांत सात गुण! दैवाने दगा दिला म्हणायला शेवटच्या सेकंदाचा शॉट हुकावा लागतो. इथे २६ गुणांची उलथापालथ झाली.

आणि ती का झाली तेही बघा. माद्रिदचा बचाव उभा राहतो तो सव्वासात फुटी सेंटर तावारेसवर. पिक-अँड-रोलमध्ये (एक खेळाडू चेंडूवाल्या सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि मग रिंगकडे धावतो) तो स्क्रीनच्या बाहेर येत नाही, मागे रिंगजवळ थांबतो. त्याला टाळून लेअप टाकणं जवळपास अशक्य, पण स्क्रीनवरून सुटलेल्या गार्डला मधल्या पट्ट्यात नाहीतर तीन गुणांच्या रेषेवर श्वास घ्यायला जागा मिळते. पानाथिनाइकोसचा गार्ड, डावखुऱ्या स्लूकासची अख्खी कारकीर्द त्या जागेवर उभी आहे. तावारेस एक पाऊल पुढे आला की पाठीमागे स्लूकासचा सहकारी लेसोर रिंगकडे सुटलेला. एकाला झाकलं की दुसरा उघडा. स्लूकासचे २४ गुण, त्याचा सहकारी ननचे २१. मालिका असती तर पानाथिनाइकोसच्या अतामान या प्रशिक्षकाने हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यातही केलं नसतं कशावरून?

तिसरा पंच

केलं असतं, आणि माद्रिदचा तेव्हाचा प्रशिक्षक चूस मातेओला उत्तर शोधायला दोन दिवस मिळाले असते. माझा मुद्दा तोच आहे. तावारेसला पुढे आणायचं, स्क्रीनवर बचावपटूंची अदलाबदल करायची की स्लूकासवर सरळ दोघं सोडायचे, हे टाइम-आउटच्या मिनिटभरात बसवता येत नाही. मालिकेत पहिल्या सामन्याचा डाव दुसऱ्यात उघडा पडतो, तिसऱ्यात त्याचा तोडगा येतो. खोली असलेला संघ तिथे वर येतो. एका सामन्यात ज्याचा हात गरम तो राजा.

उणे अधिक

दोघांनाही थोडे आकडे.

धरून चला की पहिल्या क्रमांकाचा संघ फायनल फोरच्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याला तटस्थ मैदानावर १०० पैकी ६० वेळा हरवतो. इतक्या वरच्या पातळीवर हे बरंच उदार गृहीत आहे.

एकेक सामना, दोन फेऱ्या: ०.६ × ०.६ = ३६ टक्के.
तीनपैकी दोनची मालिका जिंकण्याची शक्यता ६५ टक्के, दोन फेऱ्या धरून ४२.
पाचपैकी तीनची ६८ टक्के, दोन फेऱ्या धरून ४७.

म्हणजे दोन मोठ्या मालिका खेळवूनही पहिला क्रमांक निम्म्याहून कमी वेळा चषक जिंकेल. फरक ३६ आणि ४७ चा, शून्य आणि शंभरचा नव्हे.

आता आठपैकी शून्य. ३६ टक्के खरे मानले तर सलग आठ वेळा हुकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आत येते. म्हणजे एकतर भलतंच दुर्दैव, नाहीतर ६० हे गृहीतच फुगवलेलं. एका सामन्यातली शक्यता ५५ धरली तर चषकाची ३० वर उतरते आणि सलग आठ हुकण्याची सहाच्या आसपास जाते. ५० धरली तर दहा. मला हे शेवटचे दोनच जास्त पटतात. साखळीतला पहिला क्रमांक फायनल फोरमधल्या बाकी तिघांपेक्षा फारसा वरचढ नसतोच. तो तळातल्या संघांना नेमाने हरवतो म्हणून पहिला येतो.

'मालिकेत आठपैकी आठ' हेही जरा खरवडून बघा. त्या आठ मालिकांत पहिल्या क्रमांकाने २४ सामने जिंकले, १० हरले. आठही वेळा समोर आठव्या जागेवरून आत आलेला संघ होता. २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि तो सामना तिन्ही वेळा घरच्या मैदानावर होता. याउलट फायनल फोरमध्ये (तिसऱ्या क्रमांकाची लढत सोडून) ११ सामन्यांत ३ विजय. प्रतिस्पर्धी वेगळा, मैदान वेगळं. ही तुलना दरवेळी एकाच तागडीत घालतात, ते चुकतं.

डावा कोपरा

उणे अधिक यांना +१. शिवाय सामना ४० मिनिटांचा आणि पाच फाउलला खेळाडू बाहेर, हेही धरा. एनबीएत ४८ मिनिटं आणि सहा. युरोलीगमध्ये मुख्य सेंटरला पहिल्या पाच मिनिटांत दोन फाउल लागले की प्रशिक्षक त्याला बहुधा हाफटाइमपर्यंत बाकावर बसवतो. अख्ख्या सामन्याचा नकाशा तिथे बदलतो. छोट्या सामन्यात अशा एका गोष्टीचं वजन जास्त.

तिसरा पंच

'मैदान वेगळं' हाच तर माझा दुसरा आक्षेप. ३४ सामने घाम गाळून मिळवलेला घरच्या मैदानाचा हक्क फक्त पहिल्या मालिकेपुरता चालतो. पुढे पहिला आणि पाचवा एकाच पायरीवर. बर्लिनला माद्रिदसमोर उपांत्य फेरीत आला तो पाचव्या क्रमांकाचा ओलिंपियाकोस. माद्रिदने ८७-७६ ने काढला, पण साखळीतल्या पाच विजयांच्या फरकाला तिथे काय किंमत होती? वर वेळापत्रक असं की पानाथिनाइकोस-फेनरबाचे (७३-५७) शुक्रवारी संध्याकाळी आणि माद्रिदचा सामना त्यानंतर रात्री. रविवारच्या अंतिम लढतीला अव्वल संघ तीन तास कमी विश्रांती घेऊन उतरला.

आणि 'तटस्थ' म्हणजे किती तटस्थ? २०१५ ला फायनल फोर माद्रिदला, जिंकलं रिअल माद्रिद. २०१७ ला इस्तंबूलला, जिंकलं फेनरबाचे.

जुना स्कोअरर

२००२ पण लिहा की. फायनल फोर बोलोन्याला होती, यजमान किंडर बोलोन्या अंतिम फेरीत होता, आणि पानाथिनाइकोसने त्यांना त्यांच्याच गावात ८९-८३ ने हरवलं. सोयीची दोन उदाहरणं उचलून नियम बनत नाही.

मालिका कधी झालीच नाही असंही कुणी समजू नये. २०००-०१ ला अंतिम फेरी पाचपैकी तीनची होती. किंडर बोलोन्या विरुद्ध ताउ सेरामिका (आजची बास्कोनिया), मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली आणि ३-२ ने प्रशिक्षक मेसिनाचा किंडर जिंकला. तरुण जिनोबिली त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. बास्केटबॉल म्हणून झकास. पण तो मोसम फाटाफुटीचा. पानाथिनाइकोस, मक्काबी, सीएसकेए आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या सुप्रोलीगमध्ये राहिले होते, युरोपला एकाच वर्षी दोन विजेते मिळाले. पुढच्या वर्षी सगळे एकत्र आले आणि एकत्र येताना परत फायनल फोरच स्वीकारली. १९८८ पासून तो एक मोसम सोडला तर युरोपचा सर्वोच्च चषक याच पद्धतीने ठरत आलाय.

बसचं तिकीट

सगळे टक्केवारीत रमलेत. कॅलेंडर कुणी उघडलं का?

२०२४ चे प्ले-ऑफ २३ एप्रिलला सुरू झाले, ८ मेला संपले. पाच सामन्यांना सोळा दिवस. कारण शनिवार-रविवार देशांतर्गत लीगचे. मंगळवार-बुधवारी पहिला सामना, गुरुवार-शुक्रवारी दुसरा, मग दोन्ही संघ आपापल्या देशात जाऊन लीगचा सामना खेळणार, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गावी तिसरा-चौथा, आणि लागला तर त्याच्या पुढच्या आठवड्यात पाचवा. अशा आणखी दोन फेऱ्या म्हणजे अंतिम मालिका थेट जूनच्या मध्यावर. तेव्हा स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, इटली सगळीकडे लीगचे प्ले-ऑफ. २०२४ ला तर २ ते ७ जुलैला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा होत्या, त्यातली एक वलेन्सियाला, एक पिरेयसला. राष्ट्रीय संघांची शिबिरं त्याआधी.

माद्रिदच्या खेळाडूंची बेरीज करा. युरोलीगचे ३९ (३४ + ३ + २). स्पेनच्या लीगची साखळी ३४. त्यावर लीगचे प्ले-ऑफ, कोपा देल रे, सुपरकोपा. ८० च्या पुढे जातात. एनबीएत ८२ असतात, पण तिथे दुसरी लीग नसते आणि चार्टर विमान ठरलेलं. इथे गुरुवारी रात्री काउनासला खेळून रविवारी दुपारी स्पेनच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं. पोटरी आणि मांडीचे स्नायू मार्चनंतर का जातात ते यात आहे. २०२५-२६ पासून तर २० संघ आणि साखळीच ३८ सामन्यांची झाली. दुबई, हापोएल तेल अवीव, वलेन्सिया आत आले, आल्बा बर्लिन बाहेर. मालिका कुठे कोंबायच्या ते आधी सांगा.

ओट्यावरचा

माझा राग फायनल फोरपेक्षा प्ले-इनवर आहे. ते २०२३-२४ च्याच मोसमात आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिले सहा थेट प्ले-ऑफला. सातवा-आठवा एकमेकांशी, जिंकेल तो सातवा. नववा-दहावा एकमेकांशी, हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यातला पराभूत आणि दुसऱ्यातला विजेता आठव्या जागेसाठी.

त्या वर्षी फेनरबाचे आणि मक्काबी दोघांचे २०-१४. सारखे विजय असूनही फेनरबाचे सहावा म्हणून थेट आत, मक्काबी सातवा म्हणून प्ले-इनला. आणि १७-१७ वाल्या एफेस आणि व्हिर्तुसला जीवदान! व्हिर्तुस तर मोसमाच्या पहिल्या टप्प्यात वरच्या चारात होता, उत्तरार्धात गडगडला तरी त्याला दार उघडं. शेवटी मक्काबी आणि बास्कोनियाच आत गेले, म्हणजे सातवा आणि आठवाच. तीन सामन्यांचं लफडं करून तक्ता जसा होता तसाच.

डावा कोपरा

सारखे विजय असतील तर आधी आपसातले दोन सामने बघतात, तिथेही १-१ असेल तर त्या दोन सामन्यांतला गुणफरक. हा नियम माहीत नसला की युरोलीगमधली शेवटची दोन मिनिटं वेड्यासारखी वाटतात. समजा घरचा संघ परतीच्या सामन्यात आठने पुढे आहे, पण पहिल्या सामन्यात नऊने हरला होता. घड्याळात वीस सेकंद. एनबीए बघणाऱ्याला वाटतं, चेंडू धरून उभे राहा, संपलं. इथे प्रशिक्षक टाइम-आउट घेऊन तीन गुणांचा शॉट आखतो. समोरचा हरत असूनही जीव खाऊन बचाव करतो, कारण आठने हरणं त्याला परवडतं, दहाने नाही. तीन संघ बरोबरीत आले तर त्या तिघांपुरता वेगळा तक्ता मांडतात आणि मग ऑक्टोबरमधला कुणाच्याही आठवणीत नसलेला सामना एप्रिलमध्ये मानगुटीवर बसतो.

प्ले-इनमुळे मार्चमधले सामने जिवंत राहतात. दहाव्या-बाराव्या क्रमांकाचे संघ आधी फेब्रुवारीतच सामान बांधायचे आणि त्यांच्याकडून कोण किती मोठ्या फरकाने जिंकतो यावर वरच्यांची बरोबरी सुटायची. तो जास्त मोठा अन्याय होता.

पिक अँड पोहे

मालिका म्हणजे न्याय असं धरून चालणाऱ्यांना २०२३ ची माद्रिद-पार्टिझान मालिका आठवते का? पार्टिझानने माद्रिदला जाऊन पहिले दोन्ही सामने मारले. दुसऱ्याच्या शेवटी मैदानावर तुंबळ हाणामारी. माद्रिदच्या याबुसेलेवर पाच सामन्यांची बंदी, पार्टिझानच्या पंटरवर दोन. म्हणजे पार्टिझानचा मुख्य स्कोअरर घरच्या तिसऱ्या सामन्यात बसलेला. माद्रिदने ०-२ वरून ३-२ केलं आणि पुढे काउनासला यूलच्या शेवटच्या शॉटवर चषक. चार दिवसांत दोन सामने गेले तर मालिका हातची गेली, तेही एका संध्याकाळच्या भांडणापायी. मालिकेलाही आपली नशिबं असतात.

ग्रीसचं बघा. पानाथिनाइकोस-ओलिंपियाकोस सामन्याला पाहुण्या संघाचे प्रेक्षक वर्षानुवर्षं आत सोडत नाहीत. त्या दोघांची अंतिम मालिका लागली तर पाचही रात्री सभागृहात एकाच रंगाचे लोक. फायनल फोरलाच काय ते दोन्ही बाजूंना तिकीट मिळतं. मोनॅको अंतिम फेरीत आला (२०२५ ला आलाच होता, फेनरबाचेकडून ७०-८१ हरला) तर त्याचे घरचे सामने फुटबॉल स्टेडियमच्या पोटातल्या पाचेक हजारांच्या हॉलमध्ये. युरोपचा अंतिम सामना तिथे?

तिसरा पंच

हो, तिथेच. मक्काबीने २०२४ ची मालिका युद्धामुळे घरच्या मैदानाऐवजी बेलग्रेडला खेळली, तरी पानाथिनाइकोसला पाचव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. हॉल छोटा म्हणून हक्क काढून घ्यायचा हा कुठला न्याय? आणि २०२५ ची फायनल फोर अबू धाबीला नेली तेव्हा अथेन्स-इस्तंबूलच्या सामान्य प्रेक्षकाचा विचार कुणी केला होता? दोन ग्रीक संघ, एक तुर्की, एक मोनॅकोचा, आणि सामने आखातात.

उणे अधिक

अबू धाबीबद्दल सहमत. पण तो ठिकाणाचा प्रश्न झाला, स्वरूपाचा नाही.

जुना स्कोअरर

एक विसरू नका. पानाथिनाइकोस २०२२-२३ ला ११-२३ करून १८ संघांत सतरावा होता. उन्हाळ्यात अतामान आला, स्लूकास कट्टर प्रतिस्पर्धी ओलिंपियाकोसकडून आला, लेसोर पार्टिझानकडून, ग्रँट, मितोग्लू, एर्नानगोमेस, आणि मोसम सुरू झाल्यावर नन. जवळपास नवा संघ. असा संघ नोव्हेंबरात सामने गमावतोच, कारण कोणाला चेंडू कुठे हवा हे बसायला वेळ लागतो. साखळीतला क्रमांक ऑक्टोबर ते एप्रिलची सरासरी सांगतो. मे महिन्यात कोण सरस आहे ते वेगळं. अतामानचे तीनही चषक (२०२१, २०२२ एफेस, २०२४ पानाथिनाइकोस) पहिला क्रमांक न मिळवता आलेत. त्याला हा प्रश्न विचारला तर तो हसेल.

तिसरा पंच

बसचं तिकीट यांनी 'कुठे कोंबायच्या' विचारलं होतं. त्यांनीच दिलेल्या तारखा घ्या. प्ले-ऑफ ८ मेला संपले, फायनल फोर २४ मेला सुरू. मधले दोन आठवडे युरोलीग मोकळी. तिथे उपांत्य फेरी तीनपैकी दोनची बसते: १४ मे वरच्या क्रमांकाच्या घरी, १६ मे दुसऱ्याकडे, लागलाच तर २१ मे परत वरच्याकडे. तिन्ही मंगळवार-गुरुवार, शनिवार-रविवार लीगला मोकळे. मग २६ मेला तटस्थ शहरात एकच अंतिम सामना. घरच्या मैदानाचा हक्क एक फेरी पुढे सरकतो, जून कुणाचाच खराब होत नाही.

बसचं तिकीट

कागदावर बसतंय. पण हॉल कोण भरणार? फायनल फोरची तिकिटं चार संघ ठरायच्या आधीपासून विकतात आणि चार गावांचे लोक येतात, बर्लिनला तर हरलेले दोन संघही रविवारी तिसऱ्या क्रमांकासाठी थांबले होते. एकाच सामन्यासाठी, तेही कोण खेळणार ते २१ मेच्या रात्री कळल्यावर, पाच दिवसांत पंधरा-वीस हजार लोकांनी विमानं आणि खोल्या शोधायच्या? मधले दोन आठवडे मोकळे ठेवलेत तेही त्यासाठीच. आणि तुमचा १६ मेचा सामना गुरुवारी रात्री संपला की शनिवारी लीग, दुखापतींचा मुद्दा जिथल्या तिथे.

उणे अधिक

त्यांच्या योजनेचा हिशेबही करून टाकतो. एका सामन्यातली शक्यता ६० धरली तर तीनपैकी दोन ६५, गुणिले एक सामना ६० = ३९ टक्के. आत्ता ३६ आहेत.

तिसरा पंच

घरचं मैदान धरलं नाहीत. घरी ६८, बाहेर ५२ घेऊन करा.

उणे अधिक

केलं. उपांत्य मालिका ६९, अंतिम सामना धरून ४१. तरी दहापैकी सहा वेळा हा धागा परत काढावा लागेल.